ओव्हरसेट मेश: दोन जाळ्या जोडल्या, पण शिवण कुठे उसवली?

आजच्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. ऐकताना ज्यांना "अगं, जरा हळू बोल" असं वाटलं असेल, त्यांच्यासाठी खास. आकडे आणि टप्पे इथे निवांत वाचा, स्क्रीनशॉट काढा, लोकलमध्ये परत एकदा स्क्रोल करा.

सीएफडी, म्हणजे कॉम्प्युटरवर पाण्याचा आणि हवेचा प्रवाह सोडवण्याचं शास्त्र, यावरच्या भागानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहिला. "ओव्हरसेट मेश लावली, रन चालतोय, एररसुद्धा नाही, पण उत्तर काहीतरीच येतंय. सुरुवात कुठून करू?"

आधी उत्तर देते, कारण मग सविस्तर. सॉल्व्हरला हात लावण्याआधी शिवणीकडे बघा. ओव्हरसेटमध्ये दोन मेश एकमेकांवर टाकलेल्या असतात आणि बहुतेक दुखणी त्या दोघींच्या जोडावरच असतात. रन कोसळला तर उलट बरं, निदान कळतं तरी. घातक असतो तो न कोसळणारा रन, कारण तो छान रंगीत चित्र देतो आणि ते चित्र चुकीचं असतं.

हे दांड्यात बसून का बोलतेय?

मी खारदांड्यात राहते. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सिम्युलेशनच्या टूल्सचा कोड लिहिते. घरातून बाहेर पडलं की होड्या दिसतात, त्यामुळे माझ्या डोक्यातलं ओव्हरसेटचं उदाहरण विमानाचं नाही, होडीचं आहे. खांबाच्या बाजूने जाणारी होडी.

हा प्रश्न काल्पनिक नाही. वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांनी कोस्टल रोडच्या पुलाबद्दल नेमकं हेच विचारलं होतं: दोन खांबांमध्ये अंतर किती? वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडणाऱ्या त्या पुलाच्या आराखड्यात अंतर ६० मीटर होतं. वाऱ्यात, लाटांत, ओहोटीच्या ओढीत होडी एवढ्या जागेतून सुरक्षित निघणार नाही, असं मच्छीमारांचं म्हणणं होतं. बराच काळ आंदोलन चाललं, काम अडलं आणि शेवटी होड्यांच्या वाटेवरचं अंतर १२० मीटर करायचं ठरलं. आता वर्सोवा-वांद्रे सागरी सेतू आमच्याच किनाऱ्यासमोरून जातोय. म्हणजे खांब आणि होडी हा विषय दांड्यातही घरचाच आहे.

अशा वादात कधी ना कधी कुणीतरी सिम्युलेशन दाखवतं. मोठा स्क्रीन, निळे-लाल रंग, मधून सरकणारी होडी. चित्र दिसलं की खोली गप्प होते. म्हणूनच त्या चित्राच्या आत काय चालतं, हे आपल्या पिढीला माहीत हवं. चित्र बनवणाऱ्यालाही आणि बघणाऱ्यालाही.

ओव्हरसेट म्हणजे नेमकं काय?

सीएफडीमध्ये आपण पाण्याचे छोटे छोटे तुकडे करतो. प्रत्येक तुकडा म्हणजे एक सेल आणि सगळे सेल मिळून मेश. होडी स्थिर असेल तर तिच्याभोवती एकदाच मेश करा, झालं. पण होडी ९० मीटर पुढे जाणार असेल तर? मेश रबरासारखी ताणता येते, पण थोडीच. जास्त ताणली की सेल वाकडे होतात, मग उलटे होतात आणि रन मरतो.

ओव्हरसेटची युक्ती साधी आहे. समुद्राची एक स्थिर मेश करा, तिला म्हणू पार्श्वभूमीची मेश. होडीभोवती दुसरी छोटी मेश करा आणि होडीसकट ती पहिलीवरून सरकवा. दोघी एकमेकींवर आल्या की तीन कामं होतात.

एक, पार्श्वभूमीचे जे सेल होडीच्या लाकडात येतात ते बंद करायचे. याला भोक पाडणं म्हणतात. दोन, भोकाच्या काठावरचे सेल आणि होडीच्या मेशच्या बाहेरच्या कडेचे सेल स्वतः समीकरण सोडवत नाहीत, ते समोरच्या मेशकडून किंमत उसनी घेतात. यांना म्हणू घेणारे सेल. तीन, ज्यांच्याकडून घ्यायचं ते देणारे सेल शोधायचे. घेणाऱ्याला देणारा मिळालाच नाही तर तो सेल अनाथ. इंग्रजीतही त्याला हेच नाव आहे बरं का, ऑर्फन.

जाळं विणणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. जाळ्याच्या एका घराला आस म्हणतात. मोठ्या आसेचा तुकडा लहान आसेच्या तुकड्याला थेट जोडला तर जोडावर चुण्या पडतात किंवा फट राहते. आपल्या किनाऱ्यावरचं डोल जाळं बघा. तोंडाशी आस मोठी, आणि मागे जाल तशी टप्प्याटप्प्याने लहान होत जाते. एकदम उडी नाही. चांगली मेश अशीच असते.

या पद्धतीचं जुनं नाव 'कायमेरा'. ग्रीक कथेतला सिंह, बकरी आणि साप यांचा मिळून झालेला प्राणी. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला असतो ना, त्याच जातीची कल्पना. जोसेफ स्टेगर, कॅरोल डॉअर्टी आणि जॉन बेनेक यांनी १९८३ मध्ये ही पद्धत या नावाने मांडली. पुढे नासाने स्पेस शटलभोवतीचा प्रवाह सोडवायला ती वापरली, कारण शटल, बाहेरची टाकी आणि बूस्टर अशा वेगवेगळ्या आकारांना एकच मेश घालणं अवघड होतं.

आणि एक गोष्ट शाळेत आपल्याला कुणी सांगत नाही. कल्पना चावला अंतराळवीर होण्याआधी याच क्षेत्रात काम करत होत्या. १९८८ मध्ये त्या नासाच्या एम्स केंद्रात सीएफडीवर काम करू लागल्या आणि १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'ओव्हरसेट मेथड्स' नावाच्या कंपनीत उपाध्यक्ष आणि संशोधक म्हणून गेल्या. तिथला विषय होता, एकाच वेळी हलणाऱ्या अनेक वस्तूंचं सिम्युलेशन. म्हणजे आपण आज जे बोलतोय तेच.

आपला नमुना

पुढचं सगळं एका उदाहरणावर सांगते. वरून बघितलेलं द्विमितीय चित्र समजा. पाण्याचा पट्टा १२० मीटर लांब, ६० मीटर रुंद. होडी १० मीटर लांब, ३ मीटर रुंद. वेग ६ नॉट, म्हणजे सेकंदाला ३.०९ मीटर. ३ मीटर व्यासाचा एक गोल खांब. होडीची कड आणि खांब यांच्यात सगळ्यात जवळ आल्यावर १ मीटर फट.

टूल ओपनफोम. फुकट आहे, २००४ पासून मुक्त स्रोत आहे आणि पवईच्या आयआयटी मुंबईतला फॉसी प्रकल्प त्याचा प्रसार करतो. त्यांचे स्पोकन ट्युटोरियल नवख्यांसाठी चांगले आहेत. एक सावधानता मात्र ठेवा. ओपनफोमच्या दोन मुख्य शाखा आहेत. ओव्हरसेट आहे ती व्ही२३१२, व्ही२४०६ अशा वर्ष-महिन्याच्या नावांच्या शाखेत. तिथे ते २०१७ च्या व्ही१७०६ आवृत्तीत आलं. ११, १२ अशा साध्या आकड्यांच्या शाखेत ते नाही. "कमांड सापडत नाही" असं येत असेल तर आधी आपण कुठली शाखा टाकलीय ते बघा.

स्टार-सीसीएम प्लस किंवा फ्लुएंट वापरत असाल तर मेनूतली नावं वेगळी असतील, पण तपासणीचा क्रम हाच.

पायरी १: रिकामी पेटी चालवा

होडी काढून टाका. खांबही काढा. पार्श्वभूमीवर नुसती एक रिकामी छोटी मेश ठेवा आणि एकसारखा प्रवाह सोडा, समजा सेकंदाला १ मीटर. मध्ये काहीच अडथळा नाही, मग उत्तर काय यायला हवं? सगळीकडे १ मीटर.

आता रंगांची पट्टी ०.९९ ते १.०१ इतकी अरुंद करा. छोट्या मेशच्या कडेवर चौकट उमटली तर ती शिवण दिसतेय. होडी नसताना ती दिसत असेल, तर होडी घातल्यावर तीच गडबड होडीच्या परिणामात मिसळून जाईल आणि मग वेगळी ओळखू येणार नाही. ही चाचणी पाच-दहा मिनिटांची आहे आणि तुमचे पुढचे कित्येक तास वाचवते.

पायरी २: कागदपत्रं तपासा

ही कंटाळवाणी पायरी आहे, पण बरेच जण इथेच अडकलेले असतात.

झोनआयडी नावाचं फील्ड बघा. पार्श्वभूमीला ० आणि होडीच्या मेशला १ असायला हवं. सगळीकडे ० राहिलं तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने दुसरी मेशच नाही, मग जोड होणार कुठून?

होडीच्या मेशच्या बाहेरच्या कडेचा प्रकार 'ओव्हरसेट' हवा, आणि तोही प्रत्येक फील्डमध्ये. वेग आणि दाबात दिला, पण टर्ब्युलन्सच्या फील्डमध्ये राहून गेला, असं सर्रास होतं. शिवाय बाउंड्रीच्या यादीत ओव्हरसेट पॅच सगळ्यात आधी ठेवा. तो आधी आला की किमतींची देवाणघेवाण बाकीच्या कडांच्या आधी होते. ओपनफोमच्या तयार उदाहरणांत यासाठी एक रिकामा ओव्हरसेट पॅच सुरुवातीलाच लिहिलेला असतो.

होडीच्या भिंतीवर 'मूव्हिंग वॉल व्हेलॉसिटी' आहे ना? तिथे साधी स्थिर भिंत दिली तर होडी सरकते, पण पाण्याला तिच्या वेगाचा पत्ताच लागत नाही. चित्रात होडी भुतासारखी पाण्यातून आरपार जाते.

आणि द्विमितीय केस असेल तर दोन्ही मेशची जाडी सारखी हवी, एकाच पातळीवर हवी. एक ०.१ मीटर आणि दुसरी १ मीटर जाडीची असेल तर देणारे सेल शोधताना गोंधळ होतो.

पायरी ३: भोक बघा

ओपनफोम 'सेलटाइप्स' नावाचं फील्ड देतं. ० म्हणजे हिशोब करणारा सेल, १ म्हणजे घेणारा, २ म्हणजे भोक. पॅराव्ह्यूमध्ये पार्श्वभूमी वेगळी काढा आणि याच फील्डने रंगवा. वेग, दाब सगळं बाजूला ठेवा. पहिलं चित्र हेच.

दिसायला काय हवं? होडीच्या आकाराचं भोक, त्याभोवती घेणाऱ्या सेलचं अखंड कडं आणि बाहेर हिशोब करणारे सेल. कडं कुठे तुटलंय का ते झूम करून बघा.

होडीच्या पोटात हिशोब करणारे सेल दिसले तर भोक गळतंय. लाकडाच्या आत पाणी वाहतंय, असा त्याचा अर्थ. होडीची भिंत नीट बंद नाही, किंवा एखाद्या पॅचला 'वॉल' म्हटलेलं नाही, ही नेहमीची कारणं.

उलट भोक होडीपेक्षा खूप मोठं दिसलं तर 'सर्चबॉक्स'चे विभाग तपासा. इन्व्हर्स डिस्टन्स पद्धतीत सॉफ्टवेअर आधी जागेवर जाड चौकटींची एक जाळी टाकून भिंती कुठे आहेत ते खुणावतं. चौकटी जाड असतील तर भिंतीच्या आसपासचं बरंच पाणीही भिंतीत धरलं जातं. आपल्या १ मीटरच्या फटीत तर अख्खी फटच बुजते! विभाग वाढवा आणि भोक आकसतं का बघा.

सुरुवातीचा एक क्षण बघून थांबू नका. होडी खांबाच्या बरोबर बाजूला असतानाचा क्षण आवर्जून बघा. सगळं तिथेच फाटतं.

पायरी ४: अनाथ कुठे आहेत?

आपल्या उदाहरणात होडीची मेश तिच्याभोवती ३ मीटर पसरलीय आणि खांब १ मीटरवर आहे. म्हणजे होडीच्या मेशची बाहेरची कड थेट खांबाच्या पोटात जाते. तिथे पाणीच नाही, मग उसनं द्यायचं कुणी? म्हणून दोन्ही बाजूंनी कापावं लागतं. होडी पार्श्वभूमीत भोक पाडते, तसं खांबानेही होडीच्या मेशमध्ये भोक पाडायला हवं. सेलटाइप्सचं चित्र होडीच्या मेशचंही काढा.

आता फटीचा हिशोब. पार्श्वभूमीचा सेल ०.२५ मीटर असेल तर १ मीटर फटीत ४ सेल बसतात. दोन्हीकडचे घेणारे सेल वजा केले तर खरा हिशोब करायला उरलं काय? एक-दोन. एवढ्यात दोन भिंतींमधला प्रवाह पकडता येत नाही आणि देणारे सेलही मिळत नाहीत. अनाथ तिथेच जन्माला येतात.

जोडाच्या जागेत निदान चार-पाच सेलचे थर हवेत, हा व्यवहारातला नियम. उपाय एकच, फटीपाशी दोन्ही मेश बारीक करा. ०.१२५ मीटरचे सेल घेतले तर फटीत ८ बसतात. श्वास घ्यायला जागा मिळते.

अनाथांना जवळपासची सरासरी देऊन रन पुढे ढकलता येतो, पण ती मलमपट्टी झाली. लांब कोपऱ्यात एखादा अनाथ असेल तर चालून जाईल. फटीत एकही नको, कारण आपला प्रश्नच फटीबद्दल आहे.

पायरी ५: आस जुळवा

मोठी पार्श्वभूमी ०.५ मीटरच्या सेलची आणि होडीला चिकटलेले सेल ०.०५ मीटरचे. दहापट फरक. होडीची मेश कडेपर्यंत तेवढीच बारीक ठेवली तर एक मोठा सेल दहा बारीक सेलना एकच किंमत वाटतो. भोवरे, दाबातले चढउतार सगळं जोडावर पुसलं जातं. कधी कधी लाट तिथून आदळून परत आल्यासारखीही दिसते.

डोल जाळ्याची रीत वापरा. होडीच्या मेशमध्ये सेल ०.०५ पासून कडेला ०.२५ पर्यंत हळूहळू वाढवा. पार्श्वभूमीत होडीच्या वाटेवर १६ मीटर रुंदीचा पट्टा ०.२५ मीटरचा करा, बाकी समुद्र ०.५ चाच ठेवा. सेल किती लागतात? सगळीकडे ०.५ असते तर २८,८००. पट्टा बारीक केल्यावर सुमारे ५२ हजार. दुप्पटही नाही, साध्या लॅपटॉपवर चालतं. खांबाजवळच्या तुकड्यात आणखी एक टप्पा खाली, ०.१२५. होडीपासून १ मीटरवर तिच्या मेशचे सेलही साधारण ०.१२ चे झालेले असतात, म्हणजे फटीत दोघींची आस जुळते.

पायरी ६: एका पावलात किती सरकता?

होडी पुढे गेली की मागचं भोक उघडतं. आत्तापर्यंत बंद असलेला सेल अचानक हिशोबाला बसतो. त्याला मागच्या क्षणाची आठवण नाही. एक पाऊल आधी तो घेणारा सेल असेल तर निदान उसनी किंमत हाताशी असते. पण होडीने एका पावलात दोन-तीन सेल ओलांडले तर भोकातला सेल थेट हिशोबात येतो आणि दाबाच्या आलेखात टाचणीसारखे उभे सुळके दिसतात.

म्हणून एका टाइमस्टेपमध्ये जोडातला लहानात लहान सेल ओलांडायचा नाही, अर्धाच ओलांडला तर उत्तम. आपल्याकडे फटीतला सेल ०.१२५ मीटर, वेग ३.०९. एक सेल म्हणजे ०.०४ सेकंद, अर्धा म्हणजे ०.०२. पण होडीला चिकटलेल्या ०.०५ च्या सेलमधून पाणी ३.५ च्या वेगाने गेलं तर ०.०१४ सेकंदातच सेल पार होतो. दोन मर्यादांपैकी लहान ती आपली. मी ०.०१ घेईन. ९० मीटर कापायला २९ सेकंद, म्हणजे २,९०० पावलं. जमण्यासारखं आहे.

पायरी ७: दाब आणि पाण्याचा हिशोब

उसनवारीमुळे समीकरणांचं कोष्टक असममित होतं. देणारा घेणाऱ्याला किंमत देतो, घेणारा परत देत नाही. त्यामुळे दाबासाठी सममित कोष्टकाचे सॉल्व्हर चालत नाहीत. नेहमीच्या सवयीने गॅमग किंवा पीसीजी लावलं असेल तर बदला. ओपनफोमच्या ओव्हरसेट उदाहरणांत दाबासाठी पीबाय-सीजी-स्टॅब आणि सोबत डीआयएलयू असतं, तिथून सुरुवात करा. केस सगळीकडून बंद असेल तर दाबाचा संदर्भबिंदू भोकात पडत नाही ना तेही बघा.

दुसरं, साधी उसनवारी पाण्याचं वजन जपतेच असं नाही. जोडावर थोडं पाणी वाढतं, थोडं हरवतं. आत आलेलं आणि बाहेर गेलेलं पाणी प्रत्येक पावलाला लिहून ठेवा. फरक वाढतच चालला असेल तर शिवण गळतेय. त्रिमितीय केसमध्ये पाण्याचा पृष्ठभागही असतो, तिथे एकूण पाणी किती आहे याचा आलेख काढा आणि पाण्याच्या रेषेपाशी दोन्ही मेशची उभी आस एकच ठेवा. नाहीतर होडी शांत उभी असतानाही तिच्याभोवती लाटा उठलेल्या दिसतील.

एवढा खटाटोप कशासाठी?

एक ढोबळ हिशोब करू. होडी आणि खांब यांच्या फटीत पाण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब कमी होतो आणि होडी खांबाकडे ओढली जाते. समजा होडीच्या हिशोबाने पाणी सगळीकडे सेकंदाला ३ मीटर आणि फटीत ३.५ मीटर वाहतंय. बर्नुलीच्या सूत्राने, समुद्राच्या पाण्याची घनता १,०२५ धरून, दाबातला फरक येतो सुमारे १,६७० पास्कल. होडीच्या बुडालेल्या बाजूचं क्षेत्रफळ ५ चौरस मीटर धरलं तर ओढ सुमारे ८५० किलो वजनाएवढी.

आता शिवणीतल्या गडबडीमुळे फटीतला वेग ३.५ ऐवजी ३.३ आला. जेमतेम सहा टक्के कमी. रंगीत चित्रात डोळ्यांना फरकही कळणार नाही. पण दाबातला फरक येतो सुमारे ९७० पास्कल आणि ओढ उरते ५०० किलोच्या आत. सहा टक्क्यांच्या चुकीने जोर चाळीस टक्क्यांहून जास्त पडला. त्या चित्रावर कुणी "होडी आरामात निघते" असं म्हटलं, तर भोगायचं कुणी? सुकाणू धरलेल्या माणसाने.

आणि हे द्विमितीय चित्र आहे. त्यात वारा नाही, लाट नाही, भरलेलं जाळं नाही, अंधार नाही. शिवण पक्की असली तरी हे उत्तर एका छोट्या प्रश्नाचं आहे. होडी सुरक्षित आहे का, हा त्याहून मोठा प्रश्न. तिथे पाण्यात आयुष्य काढलेल्या माणसाची माहिती सिम्युलेशनच्या शेजारी ठेवायला लागते, खाली नाही. होडी नेमकी कुठल्या वाटेने, कुठल्या भरतीला, किती वेगाने जाते, हे आकडे मुळात त्याच्याकडूनच घ्यायचे असतात. ते चुकीचे घातले तर कितीही सुबक मेश काय कामाची?

म्हणून कुणी तुम्हाला हलत्या होडीचं असं चित्र दाखवलं तर हे चार प्रश्न विचारा. इंजिनिअर नसलात तरी विचारा.

एक, भोक आणि जोड दाखवणारं चित्र आहे का?
दोन, सगळ्यात अरुंद जागेत किती सेल आहेत आणि तिथे दोन्ही मेशची आस जुळते का?
तीन, मेश आणखी बारीक केल्यावर आणि टाइमस्टेप अर्धा केल्यावर उत्तर बदललं का, बदललं तर किती?
चार, होडीची वाट, वेग आणि भरतीची वेळ कुणाला विचारून घेतली?

ज्याने काम नीट केलंय त्याच्याकडे या चारही प्रश्नांची उत्तरं तयार असतात. तो चिडत नाही, उलट खूश होतो. आणि चित्र बनवणारे तुम्हीच असाल तर ही चार उत्तरं पहिल्याच स्लाइडवर टाका, रंगीत चित्र त्यानंतर.

पुढच्या भागात मेश बारीक करत जाताना उत्तर 'स्थिर झालं' असं कधी म्हणायचं, ते बघू. तोवर तुमची अडलेली केस पाठवा. पण सोबत सेलटाइप्सचा एक स्क्रीनशॉट जोडा हं, फटीपाशी झूम केलेला. भेटू मग!